पेन्सिलीनं लिहिलेलं ‘बराबर’

पाहुण्याला लोक हॉलमध्ये बसवतात. इलेक्ट्रिकवाल्याला मात्र थेट घराच्या पोटात नेतात. मेन बोर्ड कुठं असतो? जिन्याखाली, धान्याच्या कोठीमागं, नाहीतर बेडरूमच्या दाराआड, जिथं आठ दिवसांचे कपडे अडकवलेले असतात. तिथं स्टुलावर उभं राहून तासभर काम केलं की त्या घराची एक तरी गोष्ट तुमच्याबरोबर बाहेर येतेच. असं करत करत माझ्याकडं इतके किस्से साठलेत की आमच्याकडं कुणी जेवायला बसलं की आई आधीच सांगते, "हिला कामाचं काही विचारू नका, पोळी गार होईल."

तरी सांगतेच.

नवीन जालन्यात, स्टेशन रोडच्या एका गल्लीत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन माणसं. एक मी, वैशाली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. दुसरे खरातकाका, बियाण्याच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला राहून रिटायर झालेले वायरमन. आम्ही घरात वीज मोजायची सिस्टिम बसवतो. मेन वायरीभोवती एक चिमटा लावायचा, त्याची तार एका डबीत न्यायची, आणि ती डबी वायफायवरून तुमच्या मोबाईलला सांगत राहते की घर या क्षणाला किती वॅट खातंय. बसवायला अर्धा तास लागतो. पण डबी सांगते ते खरं आहे का, हे ठरवायला काका दोन तास घेतात.

त्यासाठी त्यांनी एक लाकडी फळी केलीय. फळीवर शंभर वॅटचे पाच बल्ब, जुने, तारेचे. आता ते मिळतसुद्धा नाहीत. मोसंबीच्या खोक्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून, ती फळी मोटरसायकलवर माझ्या मांडीवर बसून प्रवास करते. ग्राहकाच्या घरी गेलं की राउटरसकट घरातलं सगळं बंद करायचं, डबी तेवढ्यापुरती माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्यायची, फळी सॉकेटला लावायची आणि एकेक बल्ब पेटवत जायचं. मोबाईलवर शंभर, दोनशे, तीनशे असं पाचशेपर्यंत चढलं पाहिजे. कमीजास्त आलं तर ॲपमध्ये आकडा दुरुस्त करायचा आणि परत पहिल्यापासून. काका त्या बल्बांना ‘पंच’ म्हणतात.

पंचांचं समाधान झालं की काका शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढतात, ब्लेडनं तिला टोक करतात आणि बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एकच शब्द लिहितात: ‘बराबर’. त्याखाली ‘ना. ख.’ एवढंच. काका टोक करायला बसले की मी सामान आवरायला घेते. काम पास झालेलं असतं.

पेन्सिलच का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"उद्या खोटं निघालं तं खोडता आलं पायजे," काका म्हणाले.

चार वर्षं चिमटे मी लावले, डब्या मी बसवल्या, ॲप मी जोडलं. पण झाकणावर लिहायचं काम काकांचं. आडपडदा न ठेवता सांगते, ती पेन्सिल मला हवी होती. दुसरं काही नको, एका तरी झाकणावर माझ्या हातचं ‘बराबर’ हवं होतं. एकदा धीर करून विचारलंही, "काका, एखाद्या घरी मी लिहू का?"

"पेन्सिल दुकानात मिळती," काका म्हणाले. "येताना मलाबी एक आण."

•

माझी पहिली स्वतंत्र फिटिंग एका बँकेतल्या मॅडमच्या फ्लॅटमध्ये होती. काका संध्याकाळी पंच घेऊन येणार होते, बाकी सगळं माझ्यावर. मी झोकात चिमटा लावला, ॲप उघडलं. आकडा शून्य.

एसी चालू केला. शून्य. मिक्सर लावला. शून्य. मॅडमचा राउटर बंद करून परत चालू केला, ॲप काढून परत टाकलं, मग चेहरा गंभीर करून "सर्व्हर डाउन दिसतोय" असंही सांगून टाकलं. मॅडम मात्र खूश. त्यांनी तोपर्यंत बहिणीला फोन लावून कळवलं होतं की मशीन बसवल्याबरोबर घराचा खर्चा शून्यावर आला!

काका आले. चहा घेतला. स्टुलावर न चढता, खालूनच बोर्डाकडं बघितलं. मी चिमटा अख्ख्या केबलभोवती लावला होता. म्हणजे वीज घेऊन येणारी वायर आणि ती परत नेणारी वायर, दोन्ही एकाच चिमट्यात.

"पोरी," काका म्हणाले, "येणारेबी मोजले, जाणारेबी मोजले, आन वजाबाकी केली. मंग घरात कोण राह्यलं?"

डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला हे इतक्या सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

•

त्यानंतर मी चिमटा एकाच वायरीला लावायला लागले. पण चिमट्यावर एक बाण असतो, आणि तो घराच्या दिशेला ठेवायचा असतो. हे मी शिकले पारसमलजींच्या घरी.

पारसमलजी भुसार मालाचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून जालन्याचेच. मी सकाळी फिटिंग करून दुसऱ्या कामाला गेले. पंच दुपारी बसणार होते. बाराच्या सुमाराला शेठजींचा फोन.

"बेटा, तुझ्या मशीनमंदी मायनस आठशे दिसून राह्यलंय."

"मायनस?"

"हां. म्हणजे आपलं घर वीज बनवून राह्यलं ना? सोलरवाल्या शेजाऱ्याच्या मोबाईलमंदी असंच दिसतं."

मी म्हटलं, काही करू नका, आम्ही येतो. पोचलो तर घराचं कारखान्यासारखं रूप. सगळे पंखे फुल, दोन्ही गीझर चालू, वॉशिंग मशीन रिकामंच फिरतंय, सूनबाई इस्त्री घेऊन उभ्या. शेठजींनी शोध लावला होता की जेवढं जास्त चालू करावं तेवढं मायनस वाढतं! आकडा सहा हजारांवर गेला होता, आणि घरातलं एकही बटण बंद करायला कुणाला परवानगी नव्हती.

काकांनी मेन बंद करून चिमटा उलटा फिरवला आणि परत चालू केलं. मायनस गेला, आकडा तेवढाच राहिला. शेठजींनी मोबाईल दोनदा हलवून बघितला.

"खरातभाऊ," ते शेवटी म्हणाले, "पहिलंच बराबर होतं."

•

हा किस्सा आमच्याच घरचा आहे. नवीन डबी आली की मी आधी आमच्या घरी लावून बघते. त्या वेळी घरातलं झाडून सगळं बंद केलं, तरी मोबाईलवर पंधरा वॅट शिल्लक. फ्रिजची पिन काढली, टीव्हीची काढली, डोअरबेलसुद्धा सोडवली. पंधरा म्हणजे पंधरा. अर्धा रविवार त्यात गेला. शेवटी काकांना बोलावलं.

काकांनी एकदा सगळ्या घरातून चक्कर मारली आणि पुढच्या खोलीत थांबले. तिथं बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि त्यांच्यापुढं निळा झिरोचा बल्ब. मी जन्मल्यापासून तो बंद झालेला मी पाहिलेला नाही, त्यामुळं तो बंद करायचा असतो हेच मला सुचलं नव्हतं.

"पण काका, तो तर झिरोचा आहे."

"नावाचाच झिरो. पंधरा वॅट खातो. ध्यानात ठेव."

आईला ते लागलं. "त्यो दिवा म्हंजे काय लोड हाय का?" ती म्हणाली. "मोजायचा न्हाई त्याला."

माझ्या आईशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या गल्लीत नाही. काका तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "ताई, इझवायचा न्हाई. बिलकुल न्हाई. पण तो हाय, हे लिहून ठेवावं लागंल. न्हाई तं मशीन खोटं पडतं."

आमच्या झाकणावर आजही तसंच लिहिलेलं आहे: ‘बराबर. पंधरा वॅट आईचे.’ कुणी पाहुणे आले की आई त्यांना मुद्दाम ते झाकण उघडून दाखवते.

•

बदनापूरचे साळवे सर रोज रेल्वेनं जालन्याला शाळेत येतात. सिस्टिम बसवल्यापासून गाडीत बसून, मग शाळेतसुद्धा, मोबाईलवर घर बघायचा त्यांना नाद लागला. आकडा हजारावर गेला की लगेच घरी फोन: "इस्त्री चालू हाय का?" "गीझर कुणी लावला?" वहिनी घरी ब्लाउज शिवतात. गिऱ्हाइकाच्या मापात टेप अडकलेला असताना रोज हा फोन.

महिन्याभरानं सर दुकानात आले. "मशीन बिघडलं. रोज अकरा ते एक कायच दिसत न्हाई."

आम्ही पंच घेऊन बदनापूरला गेलो. पाचही पंचांनी बरोबर साक्ष दिली. काका डोकं खाजवत उभे राहिले. तेवढ्यात माझं लक्ष शिलाई मशीनकडं गेलं. पायाशी एक स्विच होता, त्याची वायर भिंतीवरून राउटरपर्यंत गेलेली. नेट नाही तर मोबाईलला आकडा नाही. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. काकांनी दोघींकडं बघितलं.

"काय निघालं?" सरांनी विचारलं.

काका खोटं बोलत नाहीत. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, झाकणावरचं पुसट झालेलं ‘बराबर’ परत गिरवलं आणि म्हणाले, "सर, आमच्याकडचं सगळं बराबर हाय. बाकीचं घरचं हाय."

निघताना वहिनींनी माझ्या हातात चिवड्याची पिशवी ठेवली. काकांनी रस्ताभर निम्मा खाल्ला, पण त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

•

आता हसायचं थांबवून सांगायचा किस्सा.

पिंपळगाव रेणुकाईला गीताबाई म्हणून अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्याकडं सिस्टिम बसवली त्या दिवशी गावात व्होल्टेज पडलेलं होतं. बल्ब पिवळट जळत होते. ॲपवर एका बल्बाला ब्याऐंशी यायला लागले. काका म्हणाले, मशीन कमी दाखवतंय, शंभरावर आण. मी ॲपमध्ये आकडा वाढवला. त्याच ॲपच्या कोपऱ्यात व्होल्टेज लिहिलेलं होतं, दोनशे पाच. मी ते वाचलं. शंभराचा बल्ब पुऱ्या दोनशे तीस व्होल्टवरच शंभर खातो, हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. म्हणजे मशीन खरं बोलत होतं आणि आम्ही त्याला खोटं बोलायला शिकवत होतो. पण काकांना चूक कोण म्हणणार? मी गप्प बसले. काकांनी टोक केलं आणि ‘बराबर’ लिहिलं.

दोन महिन्यांनी गीताबाईंचा फोन आला. त्या रोज सकाळी अंगणवाडीला निघायच्या आधी मीटरचा आकडा वहीत टिपत होत्या, शेजारी ॲपचा. "ताई, तुमचं मशीन रोज जास्त दाखवून राह्यलंय. शंभराला वीस जास्त. वही घेऊन येऊ का?"

मी फोन ठेवला आणि काकांना सांगून टाकलं. "काका, त्या दिवशी व्होल्टेज दोनशे पाच होतं. मी बघितलं होतं."

"बघितलं व्हतं?"

"हो."

"आन बोलली न्हाईस."

भोकरदनच्या रस्त्यानं काकांनी मोटरसायकल कुठंही न थांबवता थेट पिंपळगावला नेली. माझ्या मांडीवर पंचांचं खोकं होतं आणि मला रडू येत होतं. आता पेन्सिल कायमची गेली, हे मी मनाशी धरूनच चालले होते.

गीताबाईंच्या घरी काकांनी झाकण उघडलं. खिशातून खोडरबर काढलं आणि स्वतःचं ‘बराबर’, स्वतःचं ‘ना. ख.’ त्यांच्यासमोर खोडलं. शेजारच्या दोन बायका बघत उभ्या होत्या. "बाई, मशीनची चूक न्हाई, माझी हाय," ते म्हणाले. "तुमची वही होती म्हणून सापडली."

मग त्यांनी विचारलं की त्याच दिवसांत, त्याच लाईनवर आपण गीताबाईंचं धरून किती घरं केली. सात निघाली. सातही घरी आम्ही गेलो. सहा घरांत कुणाला काही कळलेलंसुद्धा नव्हतं, तरी काकांनी प्रत्येक ठिकाणी आधी खोडलं, मग चूक सांगितली, मग काम केलं. आल्यावर त्यांनी फळीवर एक व्होल्टमीटर ठोकला आणि त्याला सहावा पंच केलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

सही करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. लोकांसमोर स्वतःची सही खोडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्या मागं खोकं धरून मी बसते, याचा मला अभिमान आहे.

•

आणि हा शेवटचा. मागच्या महिन्यातला.

काकांच्या स्वतःच्या घरी इतकी वर्षं सिस्टिम नव्हती. एके दिवशी म्हणाले, "उद्या आमच्याकडं बसव. मी हात लावणार न्हाई. मी गिऱ्हाईक."

खरंच गिऱ्हाईक झाले. इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि गिऱ्हाईक विचारतं ते सगळं विचारायला लागले. "मॅडम, ह्यानं बिल कमी होतं का?" "ह्याची गॅरंटी काय?" "भिंतीला भोकं किती पाडणार?" मी चिमटा लावला, एकाच वायरीला, बाण घराकडं. सगळी बटणं बंद केली. काकूंनी फ्रिजची पिनसुद्धा काढून दिली. व्होल्टेज दोनशे तीस. पहिला पंच पेटवला.

एकशे पंधरा.

दुसरा पेटवला. दोनशे पंधरा. पाचही पेटवले, पाचशे पंधरा. सगळे विझवले, पंधरा.

"लई झालं," काका म्हणाले. "पाचशाला पंधरा म्हंजे कायच न्हाई. ते मशीनचंच असंल. लिहून टाक." आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली.

चार वर्षं वाट पाहिलेली ती पेन्सिल. टोक मोडलेली होती. मी तिच्याकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं. काकू कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या.

"बराबर न्हाई, काका," मी म्हटलं.

"मी म्हणतो ना लिही."

"तुम्ही म्हणून काय झालं? बराबर न्हाई."

मी परत स्टुलावर चढले. बोर्डातले खटके एकेक करून पाडत गेले. पहिला, दुसरा, तिसरा, पंधरा तसेच. चौथा पाडला आणि आकडा शून्य झाला.

"हा खटका कुठला?"

"पुढच्या खोलीचा," काका म्हणाले. "ती लाईन मी सोता टाकलेली हाय. तिच्यावर काय चालू न्हाई."

"हाय," मी म्हटलं. "झिरोचा बल्ब हाय कुठंतरी."

काका छताकडं बघायला लागले. काकूंनी कपबशा स्टुलाजवळ खाली ठेवल्या.

"अगं, काय माहीत बाई," त्या म्हणाल्या. "पण हे सकाळीच शिडी लावून माळ्यावर चढल्ते. मी म्हनलं, ह्या वयात काय काम हाय वर? तं मलाच गप बस म्हणून राह्यले."

काकांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. ते खाली मान घालून ब्लेडनं पेन्सिलीला टोक करत बसले होते.